पाव इंचाची भीती

गेल्या सेमिस्टरला आमच्या गर्ल्स होस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर एका पुस्तकावरून दोन तट पडले. एक तट म्हणे, हे पुस्तक म्हणजे निव्वळ फेकाफेकी. दुसरा म्हणे, असं पुस्तक आजवर झालंच नाही. गंमत अशी की दोन्ही तटांतल्या निम्म्याहून जास्त जणींनी ते पूर्ण वाचलेलंच नव्हतं. सुरुवातीला त्यांत मीसुद्धा होते. मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे असं सर म्हणाले तेव्हा डोक्यात हेच भांडण चालू होतं, म्हणून हा लेख. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सरांनी काढल्या असतील, विचारांच्या चुका मात्र माझ्या.

पुस्तकाचं नाव 'हाऊस ऑफ लीव्हज'. लेखक मार्क डॅनियेलेव्स्की, अमेरिकन. २००० साली आलेली ही त्याची पहिलीच कादंबरी, पानं सातशेच्या वर. माझा आतेभाऊ पुण्याला नोकरी करतो, त्याने दिवाळीत दिली. देताना म्हणाला, "हॉरर आहे. पण भूत शोधू नकोस, टेप शोध."

टेप का, ते सांगते. नेव्हिडसन नावाचा एक प्रसिद्ध फोटोग्राफर आपली जोडीदारीण आणि दोन मुलांना घेऊन व्हर्जिनियातल्या एका घरात राहायला येतो. काही दिवस बाहेरगावी जाऊन परत येतात तर घरात एक नवीन दार. आधी नव्हतं. चोरी नाही, तोडफोड नाही, फक्त एक जास्तीची जागा. तो घर मोजायला घेतो, आणि आतून घेतलेलं माप बाहेरून घेतलेल्या मापापेक्षा पाव इंचाने जास्त भरतं!

सिव्हिलवाल्यांनो, जरा विचार करा. घराला भिंती असतात. नऊ इंची वीट धरली तर दोन्ही बाजूंच्या मिळून दीड फूट भिंतीतच गेला. आतलं माप बाहेरच्यापेक्षा कमीच असायला हवं. कार्पेट एरिया बिल्टअपपेक्षा जास्त निघाला तर बिल्डर पेढे वाटेल, पण राहणाऱ्याने काय करायचं? नेव्हिडसन आपल्या एका मित्राला बोलावतो. हा मित्र चक्क इंजिनिअरिंगचा प्राध्यापक आहे, व्हीलचेअरवर असतो. तो चांगली उपकरणं आणतो, लेझर लावतो, तरी घर काही हिशेबात बसत नाही. मग दिवाणखान्यात एक काळोखी बोळ उघडते, आणि ती आत वाढतच जाते. भिंती राखाडी. खिडकी नाही, दिवा नाही, थंडी. मैलोन्‌मैल.

हे सगळं सरळ सांगितलं असतं तर भांडण झालंच नसतं. पण लेखकाने ते सरळ सांगितलेलं नाही. नेव्हिडसनने या घरावर एक फिल्म काढली, त्या फिल्मवर झांपानो नावाच्या एका म्हाताऱ्याने भलामोठा ग्रंथ लिहिला. म्हातारा आंधळा आहे, म्हणजे ज्या फिल्मबद्दल लिहितो ती त्याने पाहिलेली असणं शक्यच नाही. तो मेल्यावर त्याचे कागद टॅटूच्या दुकानात काम करणाऱ्या एका पोराच्या हाती लागतात आणि तो त्यांना स्वतःच्या तळटीपा जोडत जातो. तळटीपेला तळटीप. संदर्भ दिलेत शेकड्याने, त्यांतले काही खरे आणि बरेचसे निव्वळ कल्पनेतले. (आपले फायनल इयरचे प्रोजेक्ट रिपोर्ट आठवले की नाही?) काही ओळी उलट्या, काही आडव्या, काही आरशात धरल्याशिवाय वाचता येत नाहीत. माणसं बोळीत पळू लागली की एका पानावर चार-पाचच शब्द येतात. आपणही भराभर पानं उलटतो, आपणही पळतो. रंगीत आवृत्तीत 'हाऊस' हा शब्द जिथे येईल तिथे निळा छापलाय.

आता प्रतिक्रिया ऐका. मी पुस्तक उलटं धरून वाचत होते तेव्हा मेसच्या मावशी डबा ठेवायला आल्या. "काय वाचून राहिली वं हे उलटं? झोप येऊन राहिली काय?" वॉर्डन मॅडमनी पानं चाळली आणि म्हणाल्या, बाइंडिंग चुकलंय, दुकानदाराकडून बदलून घे. एकीने मोबाईलवर वाचायचा प्रयत्न केला. उलटी ओळ आली म्हणून मोबाईल फिरवला, तर स्क्रीनही फिरला, ओळ परत उलटीच. अर्धा तास ती आणि मोबाईल एकमेकांना फिरवत होते. कॉम्प्युटरच्या एकीने फक्त घराची गोष्ट वाचली, तळटीपा सगळ्या गाळल्या, आणि दोन दिवसांत संपवून टाकलं. सर्व्हेच्या सरांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "आधी टेप तपासा. कडी घासली असेल." मला वाटतं ही सगळ्यांत प्रामाणिक प्रतिक्रिया होती. आम्हीही मग टेप आणून आमची रूम मोजली. रूम आतून लहानच निघाली. तिघींची आहे, निघणारच.

पण मुख्य तक्रार एकच होती आणि ती सगळ्या मजल्यावर ऐकू येत होती. "शेवटी दाखवलंच नाही तं भ्याव कायचं?" त्या घरात काय आहे, ते तसं का आहे, हे लेखक शेवटपर्यंत सांगत नाही. आत काहीतरी गुरगुरतं एवढं कळतं, बस.

ही तक्रार मला समजते, कारण आपल्या मराठी वाचकाला भीतीची सवय वेगळ्या प्रकारे लागलेली आहे. आमच्या घरी बाबांकडे नारायण धारपांच्या पुस्तकांचा एक जुना गठ्ठा आहे. धारपांनी शंभराच्या वर पुस्तकं लिहिली, २००८ साली ते गेले. जानेवारी २०१९ मधे इथे यवतमाळला ९२वं साहित्य संमेलन भरलं तेव्हा मी आठवीत होते. बाबा मला पुस्तकांच्या स्टॉलवर घेऊन गेले आणि त्यांनी मला घेऊन दिलेलं पहिलं मराठी पुस्तक धारपांचंच होतं. माझं मराठी वाचन भीतीने सुरू झालं म्हणा ना. धारपांच्या कित्येक कथांमधे 'समर्थ' येतात. वाड्यात, तळघरात काहीतरी अमंगळ जागं झालेलं असतं, माणसं हतबल झालेली असतात आणि मग समर्थ शांतपणे येऊन त्याचा बंदोबस्त करतात. अप्पा जोशी ते आपल्याला सांगतात. पुस्तक मिटून आपण झोपू शकतो, कारण कोणीतरी जाणकार आहे आणि त्याने दार बंद केलेलं आहे. मला हे अजूनही फार आवडतं. त्याला कमी लेखणाऱ्यांपैकी मी नाही. स्टीफन किंगच्या जाडजूड कादंबऱ्यांची वाट मराठी वाचकाला धारपांनीच 'लुचाई' आणि 'शपथ' मधून दाखवली, आणि ती वाचणाऱ्या कित्येकांना किंगचं नावही माहीत नसेल.

'हाऊस ऑफ लीव्हज' मधे समर्थ नाहीत. इंजिनिअर आहे, पण तोही हरतो. होस्टेलचा खरा राग हा होता, असं माझं मत आहे. उलट्या ओळी हे नुसतं निमित्त.

मग हा प्रकार परका, अमेरिकन आणि आपल्याला न पचणारा आहे का? तेही खरं नाही. चिं. त्र्यं. खानोलकरांची 'कोंडुरा' १९६६ची. वर मिळालेल्या एका माणसाची गोष्ट आहे आणि तो वरच त्याला खात जातो. जे दिसलं ते दैवी होतं की त्याच्याच मनाचं, याचा निकाल कोणी हातात ठेवत नाही. १९७८ साली श्याम बेनेगलांनी त्यावर सिनेमा काढला. त्या पुस्तकावर 'भयकथा' असा शिक्का नाही म्हणून आपण त्याला भीत नाही, एवढंच. ते थेट 'साहित्या'च्या कपाटात गेलं आणि धारप वाचनालयाच्या फाटक्या कपाटात राहिले. दोन कपाटांच्या मधे जी भिंत आहे तिची जाडी कोणी मोजली आहे का?

आणि वाचक-प्रेक्षक बदलतो. 'तुंबाड' घ्या. दिग्दर्शक राही बर्वे यांना त्याचं मूळ बीज १९९३ साली मित्राने सांगितलेल्या धारपांच्या एका कथेतून मिळालं, तेही आपल्या विदर्भातल्या नागझिऱ्याच्या जंगलात. सिनेमा आला २०१८ साली, तेव्हा बऱ्याच लोकांनी पाठ फिरवली. २०२४ मधे तोच सिनेमा परत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. सिनेमात एक फ्रेमही बदलली नव्हती, बदलले होते बघणारे. म्हणून 'लोकांना असलं आवडत नाही' हे वाक्य आपण जरा जपून वापरावं.

फेकाफेकीवाल्यांचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे. या पुस्तकात नुसत्या नावांच्या याद्या पानंच्या पानं चालतात. त्या मी वाचल्या नाहीत आणि वाचल्या असं खोटंही सांगणार नाही. कठीण आहे म्हणून ते थोर, असं काही नसतं. एम-थ्रीचा पेपरसुद्धा कठीण असतो, त्याला कोणी थोर म्हणत नाही. पुस्तकाने घातलेल्या त्रासातून काही हाती लागतं का, एवढंच बघायचं. चार शब्दांची पानं मला लागू पडली, धाप लागली. नावांच्या याद्या नाही लागू पडल्या. असं तुकड्यातुकड्याने मत द्यायला काय हरकत आहे? पण होस्टेलला एकच शब्द हवा असतो, 'भारी' किंवा 'बकवास'.

आता मला जे सांगायचंय ते.

सेकंड इयरला सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला आपण सगळे ग्राउंडभोवती ट्रॅव्हर्स काढतो. स्टेशन ए पासून निघायचं, फिरून परत ए वर यायचं. आकृती मिटायला हवी. ती कधीच मिटत नाही, थोडी फट राहतेच. तिला क्लोजिंग एरर म्हणायचं, आणि ती मर्यादेत असली की बॉडिचच्या नियमाने प्रत्येक बाजूला तिच्या लांबीच्या प्रमाणात वाटून टाकायची. जर्नलमधे आकृती मिटते, सर सही करतात. यात चूक काही नाही, काम असंच करावं लागतं. पण चार वर्षं हेच करून आपल्याला एक सवय लागते. जे हिशेबात बसत नाही ते वाटून टाकायचं, म्हणजे ते दिसत नाही. या कादंबरीने मला घाबरवलं ते याच जागी. नेव्हिडसनला पाव इंच वाटून टाकता येत नाही. त्या फटीतूनच सगळा काळोख आत येतो.

इथपर्यंत मी माझी मीच हुशार होते. मग माझ्या रूम पार्टनरने पुस्तक मागितलं.

ती आर्णीकडच्या एका गावची, बारावीपर्यंत मराठी मीडियम. "मले देशील का वाचाले?" एवढंच म्हणाली. आणि मी तिला काय म्हटलं? "अगं, तुला नाही झेपणार. मलाच जड जातंय." हसून म्हटलं, पण म्हटलं. लिहिताना लाज वाटते म्हणूनच लिहिते आहे. इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्या आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना हा एक रोगच असतो. भाषा आली की पुस्तक आपलंच झालं असं आम्हाला वाटतं.

तिने ते तरीही घेतलं. डिक्शनरी उशाशी ठेवून रोज रात्री थोडं थोडं. दीडेक महिना लागला. सगळं वाचलं नाही, घराचा भाग वाचला आणि त्या आंधळ्या म्हाताऱ्याच्या जागा शोधून शोधून वाचल्या. एका रात्री पुस्तक मिटून म्हणाली, "हे खरं हाये."

मी म्हटलं, काय खरं आहे?

२०१७ चा खरीप यवतमाळ जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. कित्येकांच्या डोळ्यांना त्रास झाला. तिचे वडील त्यांत होते. ती तेव्हा सातवीत होती. ते वाचले, घरी आले. पण त्यांना दिसत नव्हतं.

"मंग ते पावलं मोजत," ती म्हणाली. "खाटेपासून दारापर्यंत. कधी सात भरत, कधी आठ. खोली तं तेवढीच होती नं. आई म्हणे, मोजाले चुकले असान. मी पायांकडे पाहो. ते चुकत नव्हते."

मला काही बोलता आलं नाही. थोड्या वेळाने तिनेच सांगितलं की पुढे हळूहळू दिसायला लागलं. पण आजही तिन्हीसांजेनंतर ते अंगणात एकटे उतरत नाहीत. दारात थांबून आधी एक पाऊल टाकून बघतात. (हे सगळं तिला विचारून लिहिते आहे. लिही म्हणाली, नाव नको म्हणाली.)

त्या रात्री माझ्या लक्षात आलं की मी सातशे पानं वाचूनही त्या घरात गेलेच नव्हते, दारातून आत डोकावून परत आले होते. तिने दोनेकशे पानं वाचली असतील, पण ती आत जाऊन आली. आंधळा म्हातारा न पाहिलेल्या घराबद्दल इतकं कसं लिहू शकतो, हा मला लेखकाचा खेळ वाटला होता. तिला त्यात खेळ दिसला नाही. जिथे दिसत नाही तिथे माणूस घर मोजत बसतो, तिने हे पाहिलेलं होतं. आणि तिच्या घरीही कोणी समर्थ आले नव्हते, शेवटही कोणी सांगितला नव्हता. म्हणून पुस्तकाला शेवट नसल्याची तक्रार सगळ्या मजल्यावर फक्त तिनेच केली नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. 'समजलं नाही' हे वाक्य म्हणायला आपण घाबरू नये, पण तिथे थांबूही नये. कुठे समजलं नाही, कुठल्या पानावर हात थांबला, तिथे काय आठवलं, हे सांगावं. आपल्या वार्षिकांकात दरवर्षी 'मला आवडलेले पुस्तक' छापून येतं. त्यात सगळी पुस्तकं 'अप्रतिम' असतात आणि सगळी 'एका बैठकीत' वाचलेली असतात. एखादं अर्धवट सोडलेलं पुस्तक का नसतं? सोडलं का, ते सांगायला जास्त प्रामाणिकपणा लागतो. आणि दुसऱ्याला 'तुला झेपणार नाही' असं म्हणायचा अधिकार कोणालाच नाही, ज्याने पुस्तक विकत घेतलं त्याला तर नाहीच.

या पुस्तकाचं मराठीत काय होईल, याचा आम्ही दोघी हल्ली विचार करतो. नाव तर आयतं मिळतं. इंग्रजीत 'लीव्हज' म्हणजे झाडाची पानं आणि पुस्तकाचीही. आपलं 'पान' अगदी तसंच आहे. 'पानांचं घर' म्हटलं की दोन्ही अर्थ आले. अडचण निळ्या शब्दाची. इंग्रजीत 'हाऊस' सुटा उभा राहतो. मराठीत 'घरात', 'घराला', 'घरचे'. निळं कुठवर करायचं? ती म्हणते, 'घर' तेवढं निळं करायचं आणि प्रत्यय काळाच ठेवायचा. मी म्हणते, 'घरचे' मधला 'चे' सुद्धा निळा हवा, घरची माणसं घरातून वेगळी कशी काढणार? अजून ठरलेलं नाही.

ग्रंथालयाच्या मॅडमना आम्ही एक विनंती केली आहे. रीडिंग रूममधे एक साधी दोनशे पानी वही ठेवावी. ज्याने जे पुस्तक सोडलं त्याने त्याचं नाव, पान नंबर आणि एका ओळीत कारण लिहावं. मराठी, इंग्रजी, वऱ्हाडी, काहीही चालेल. स्टाफनेसुद्धा लिहावं, सही नको. शेजारी धारप आणि खानोलकर एकाच कप्प्यात ठेवावेत. मॅडम विचार करते म्हणाल्या. वही आम्ही आणून दिली आहे. पहिली नोंद माझी आहे, नावांच्या याद्यांच्या पानाची. दुसरी नोंद माझ्या पार्टनरची आहे. तिने कारणाच्या रकान्यात लिहिलंय, "सोडलं नाही. थांबली हाओ."